नळीतली रंगाची रेघ विस्कटली आणि कळलं, पाणी शिस्त कधी सोडतं! वाचा ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांची गोष्ट

स्वयंपाकघरातला नळ अगदी हळू सोडून बघा. काचेच्या कांडीसारखी सरळ धार पडते. इतकी स्थिर, की पाणी वाहतंय की जागेवर गोठलंय असा प्रश्न पडावा. आवाजही जवळपास नाही.

आता तोटी थोडी जास्त फिरवा. धार खरबरीत होते, थरथरते आणि खळखळाट सुरू होतो.

पाणी तेच, नळ तोच. मग मधल्या नेमक्या कुठल्या क्षणी पाण्याचं डोकं फिरलं?

प्रश्न शाळकरी वाटतो, पण १९ व्या शतकातल्या भल्याभल्यांना त्यानं अडवून ठेवलं होतं. आणि तो फक्त कुतूहलाचा प्रश्न नव्हता. त्या काळात युरोपातली शहरं झपाट्यानं वाढत होती. धरणापासून घरापर्यंत मैलोनमैल पाइप टाकले जात होते. पाइप किती जाड हवा, पंप किती ताकदीचा लागेल, हे आधीच सांगता आलं नाही तर सगळा पैसा पाण्यात.

गोची अशी होती, की दोन माणसांनी मोजमापं केली होती, दोघांचीही बरोबर होती आणि दोघांची उत्तरं वेगळी होती. प्वाझय या फ्रेंच डॉक्टरांनी रक्तवाहिन्यांचा विचार करत केसासारख्या बारीक नळ्यांमधून पाणी सोडून पाहिलं. त्यांना दिसलं, की वेग दुप्पट केला तर ढकलायला लागणारा जोरही दुप्पट लागतो. दुसरीकडे डार्सी या फ्रेंच इंजिनिअरनी शहराला पाणी पुरवणाऱ्या जाड पाइपांवर प्रयोग केले. तिथे वेग दुप्पट केला, की जोर जवळपास चौपट लागायचा. पाण्याला बारीक नळीत एक कायदा आणि जाड पाइपात दुसरा, असं कसं चालेल?

हे कोडं ज्यांनी सोडवलं त्यांचं नाव ऑस्बोर्न रेनॉल्ड्स. इंजिनिअरिंगच्या पोरांना हे नाव माहीत असतंच. मेकॅनिकल किंवा सिव्हिलच्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये रंगीत पाण्याच्या नळीचं एक प्रॅक्टिकल असतं, जर्नल उतरवून सही घेतली की विषय संपतो. पण त्या नळीमागचा माणूस जर्नलमध्ये नसतो.

रेनॉल्ड्स यांचा जन्म २३ ऑगस्ट १८४२ चा, बेलफास्टचा. वडिलांचं नावही ऑस्बोर्नच. ते पाद्री होते, शाळेचे मुख्याध्यापक होते, केंब्रिजचं गणित शिकलेले होते आणि वर शेतीच्या अवजारांमध्ये सुधारणा करून त्यांची पेटंटं घेत होते. असा बाप घरात असल्यावर पोराच्या हातात पाना आणि डोक्यात गणित एकाच वेळी आलं. कुटुंब लवकरच इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या डेडहॅम गावी आलं आणि पोराचं सुरुवातीचं शिक्षण वडिलांच्याच हाताखाली झालं.

पुढचं पाऊल मात्र जरा वेगळं होतं. १८६१ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, ऑस्बोर्न थेट कॉलेजात गेला नाही. स्टोनी स्ट्रॅटफर्ड इथे एडवर्ड हेज यांच्या कारखान्यात तो उमेदवारीला लागला. तिथे यंत्रं आणि बोटी बनायच्या. आपल्याकडे आधी आयटीआय आणि मग आयआयटी करावं, तसा हा प्रकार. यंत्रं अशी का वागतात हे गणिताशिवाय कळणार नाही, हे तिथे त्याच्या लक्षात आलं आणि तो केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजात दाखल झाला. १८६७ मध्ये गणिताच्या अवघड परीक्षेत सातवा आला. मग थोडे दिवस लंडनमध्ये सिव्हिल इंजिनिअरच्या ऑफिसात नोकरी.

१८६८ मध्ये मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजनं इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाची जागा काढली. त्या काळी इंग्लंडमध्ये हे पदच नवीन होतं. मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांचं शहर आणि तिथल्या कारखानदारांना शिकलेले इंजिनिअर हवे होते. २५ वर्षांच्या रेनॉल्ड्स यांना ती जागा मिळाली, वर्षाला ५०० पौंड पगारावर. ही नोकरी त्यांनी पुढची ३७ वर्षं सोडली नाही.

सुरुवातीला कॉलेज एका जुन्या घरात भरायचं. इंजिनिअरिंगचे वर्ग त्या घराच्या तबेल्यात आणि ड्रॉइंगचे वरच्या गवताच्या माळ्यावर. त्या माळ्यावर रेघा ओढणाऱ्या पोरांमध्ये १४ वर्षांचा एक मुलगा होता. त्याचं नाव जे. जे. थॉमसन. पुढे इलेक्ट्रॉन शोधून नोबेल मिळवणारा तोच.

सर म्हणून रेनॉल्ड्स कसे होते? सोप्या भाषेत सांगायचं तर पोरांच्या डोक्यावरून जायचं. शिकवता शिकवता त्यांनाच नवीन काहीतरी सुचायचं आणि मग वर्ग एकीकडे, सर दुसरीकडे. त्यांचा एक किस्सा सांगितला जातो. वर्गात स्लाइड रूल कसा वापरायचा हे दाखवताना त्यांनी ३ गुणिले ४ केलं, उत्तर ११.८ आलं, आणि आपल्या कामाला एवढं पुरेसं आहे असं म्हणून सर पुढे सरकले. दुसरी सवय अशी, की नवा प्रश्न हातात घेतला की त्यावर आधी कोणी काय लिहिलंय ते न वाचता पहिल्यापासून स्वतः विचार करायचा. या सवयीनं त्यांना मोठं केलं आणि, माझं मत विचाराल तर, शेवटी याच सवयीनं त्यांना चकवलंही.

घरी मात्र सुख टिकलं नाही. १८६८ च्या जूनमध्ये शार्लट चॅडविक यांच्याशी लग्न झालं आणि वर्षभरात, मुलगा झाल्यानंतर, त्या गेल्या. तो मुलगाही १८७९ मध्ये, दहाव्या वर्षी वारला. या काळात रेनॉल्ड्स यांनी पेपर मात्र एकामागून एक लिहिले.

आणि विषय तरी किती! खलाशी म्हणतात की जोराचा पाऊस पडला की समुद्र शांत होतो, ते खरं का? रेनॉल्ड्स यांनी पाण्यात रंगीत थेंब टाकून बघितले. प्रत्येक थेंब पृष्ठभागाखाली एक भोवऱ्याची कडी बनवून खाली उतरत होता, सिगारेटच्या धुराची कडी असते तशी. या कड्या वरचं पाणी खाली आणि खालचं वर आणतात, त्यात लाटेची हालचाल विरते. वारा तुमच्याकडून बोलणाऱ्याकडे वाहत असेल तर त्याचा आवाज ऐकू येत नाही, तो का? १८७४ मध्ये त्यांनी मैदानात विजेवरची घंटा वाजवून हे तपासलं. जमिनीजवळ वारा मंद आणि वर जोरात असतो, त्यामुळे वाऱ्याच्या विरुद्ध निघालेला आवाज वर वळतो आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून निघून जातो. थोडं उंचावर चढलं की तोच आवाज पुन्हा ऐकू येतो. किनाऱ्यावर ओल्या वाळूत पाय ठेवला की पायाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी का दिसते, हेही त्यांनीच सांगितलं. दाबल्यावर वाळूचे कण एकमेकांवर चढतात, मधली जागा वाढते आणि वरचं पाणी आत शोषलं जातं. पुढच्या वेळी अलिबागला किंवा कळंगुटला गेलात की बघा.

या सगळ्यात एक समान धागा आहे. जे होतंय ते आधी डोळ्यांना दिसलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. पाणी पारदर्शक आहे, हीच तर अडचण! आत काय चाललंय ते कळणार कसं?

मग रंग सोडा.

१८८० च्या सुमारास त्यांनी काचेच्या भिंतींची एक टाकी बनवून घेतली. सहा फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. तिच्यात पाण्याखाली आडवी ठेवलेली काचेची लांब नळी. नळीचं तोंड कर्ण्यासारखं पसरट आणि गुळगुळीत लाकडाचं, म्हणजे आत शिरतानाच पाणी बिथरू नये. टाकीबाहेर जाऊन नळी खाली वळायची आणि तिथे एक व्हॉल्व्ह. कर्ण्यासमोर बारीक नळीतून रंगीत पाण्याची धार सोडलेली. टाकी भरल्यावर पाणी पूर्ण शांत व्हावं म्हणून काही तास थांबायचं. मग व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा.

वेग कमी असताना रंगाची रेघ नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली, फूटपट्टीनं आखल्यासारखी. व्हॉल्व्ह आणखी उघडला, तरी सरळ. आणखी उघडला आणि नळीत थोडं पुढे गेल्यावर रेघ एकदम फुटली. पुढची सगळी नळी फिकट रंगानं भरून गेली.

साध्या डोळ्यांना तिथे नुसता धुरकट रंग दिसत होता. इथे रेनॉल्ड्स यांनी जे केलं ते मला या संपूर्ण गोष्टीतलं सगळ्यात भारी वाटतं. त्यांनी अंधारात विजेची ठिणगी पाडली. ठिणगीचा उजेड इतका क्षणिक, की हलणारी गोष्ट थांबल्यासारखी दिसते. कॅमेऱ्याच्या फ्लॅशनं फोटोत पंख्याची पाती थांबवतात तसं. त्या क्षणिक उजेडात धुरकटपणा नव्हताच. होते ते स्पष्ट, एकात एक गुंतलेले भोवरे. पाण्याच्या त्या गोंधळालाही आकार होता.

तीन वेगवेगळ्या जाडीच्या नळ्या वापरून आणि पाण्याचं तापमान बदलून त्यांनी हे पुन्हा पुन्हा केलं. बारीक नळीत रेघ फुटायला जास्त वेग लागायचा, कोमट पाण्यात कमी. या सगळ्यातून एकच हिशोब निघाला. वेग गुणिले नळीचा व्यास, भागिले पाण्याचा चिकटपणा. म्हणजे नेमका घनतेच्या हिशोबातला चिकटपणा, ज्याला पुस्तकात श्यानता म्हणतात. या भागाकारातून येणाऱ्या आकड्याला कुठलंच एकक नाही. ना मीटर, ना सेकंद. तो कमी असेल तर प्रवाह सरळ, एका मर्यादेपलीकडे गेला की खळबळ.

हे समजावताना रेनॉल्ड्स सैन्याचं उदाहरण द्यायचे. तुकडी जितकी मोठी आणि जितकी वेगात, तितकी ती विस्कटण्याची भीती जास्त. शिस्त जितकी कडक, तितकी भीती कमी. पाण्यातली शिस्त म्हणजे चिकटपणा. आपल्याला दादरच्या पुलावरची संध्याकाळची गर्दी डोळ्यांसमोर आणली तरी चालेल, फक्त तिथे शिस्तीचा आकडा फारच कमी धरावा लागेल. मधाची श्यानता पाण्याच्या कितीतरी पट जास्त असते, म्हणून मधाची धार बाटलीतून कितीही ओता, ती खळखळत नाही.

आकडे घालून बघू. तुमच्या घरातला अर्ध्या इंचाचा पाइप घ्या. त्यातून पाणी सेकंदाला १० सेंटीमीटर वेगानं गेलं तर हा आकडा साधारण १३०० येतो. वेग सेकंदाला १ मीटर केला की १३,०००. पहिल्यात रंगाची रेघ सरळ राहील, दुसऱ्यात टिकणं अवघड.

आणि प्वाझय, डार्सी यांचं भांडण? ते मिटलंच. बारीक नळीत व्यास इतका छोटा, की आकडा कायम लहान, म्हणून तिथे दुपटीला दुप्पट. शहराच्या पाइपात आकडा प्रचंड, सगळीकडे भोवरे, त्यात ताकद वाया जाते, म्हणून दुपटीला जवळपास चौपट. कायदे दोन दिसत होते, कारण प्रवाहाच्या जातीच दोन होत्या. १८८३ मध्ये रॉयल सोसायटीनं हा पेपर छापला. प्रक्षुब्ध प्रवाहाला आपण आज टर्ब्युलन्स म्हणतो, पण रेनॉल्ड्स यांनी तो शब्द वापरला नव्हता. ते नुसतं सरळ आणि नागमोडी म्हणायचे.

या आकड्याची खरी ताकद अशी, की तो जुळवला तर छोट्या मॉडेलवरून मोठ्या गोष्टीचा अंदाज बांधता येतो. विमानाचं छोटं मॉडेल वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासतात तेव्हा हाच आकडा बघतात. रेनॉल्ड्स यांना स्वतःलाही मॉडेलचं वेड होतं. मर्सी नदीच्या खाडीचं तळाला वाळू असलेलं मॉडेल करून, त्यात छोटी भरती-ओहोटी आणून, गाळ कुठे साचतो हे त्यांनी १८८० च्या दशकात दाखवलं होतं. १८८६ मध्ये त्यांनी बेअरिंगमधल्या तेलाचं गणित मांडलं, ते आजही यंत्रं डिझाइन करताना वापरतात. १८७५ चं त्यांचं अनेक टप्प्यांच्या पंपाचं पेटंट पुढे मँचेस्टरच्या माथर अँड प्लॅट कंपनीनं बाजारात आणलं. हे नाव पुण्याच्या लोकांना चिंचवडमुळे ओळखीचं असेल, त्याचं मूळ तिकडे आहे.

आता आवाजाकडे येऊ. १८९४ मध्ये ऑक्सफर्डला शास्त्रज्ञांच्या परिषदेत रेनॉल्ड्स यांनी एक काचेची नळी आणली, मध्ये चिमटल्यासारखी अरुंद. तिच्यातून नळाचं साधं थंड पाणी जोरात सोडलं. अरुंद जागेत वेग वाढतो, वेग वाढला की दाब पडतो, आणि तो इतका पडला की थंड पाणी तिथल्या तिथे उकळलं. वाफेचे बुडबुडे तयार झाले आणि पुढे दाब वाढताच फुटले. नळीतून फुसफुसण्याचा आवाज येऊ लागला. चहाचं आधण गरम होताना गाऊ लागतं ना, त्याच जातीचा हा आवाज. अर्धवट उघडलेली तोटी सूं सूं करते, त्यातही बऱ्याचदा हाच प्रकार असतो. याच बुडबुड्यांनी पुढे जहाजांचे पंखे कुरतडले आणि इंजिनिअरांच्या झोपा उडवल्या.

पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, त्यांचा आणखी एक पेपर आला. लोक रेनॉल्ड्स यांना आकड्यामुळे ओळखतात, पण माझ्या मते हा पेपर जास्त मोठा आहे. कल्पना साधी आहे. खळबळत्या प्रवाहातल्या प्रत्येक बिंदूच्या वेगाचे दोन भाग करा. एक सरासरी आणि एक त्या सरासरीभोवतीची चुळबुळ. सरासरीचं गणित मांडायला गेलं, तर त्यात चुळबुळीचा एक जादा ताण येऊन बसतो. भोवरे जणू शेजारच्या थरांना ओढत असतात. हाच तो रेनॉल्ड्स ताण. त्रास असा, की तो काढायला आणखी एक समीकरण लागतं, त्यात आणखी नवी अज्ञातं येतात, आणि ही साखळी संपत नाही. हवामानाचा अंदाज असो की गाडीचं डिझाइन, आजचे कॉम्प्युटरही या जागी अंदाजाचा टेकू लावूनच पुढे जातात.

त्या वेळी मात्र हे कुणाच्या पचनी पडलं नाही. पेपर तपासायला स्टोक्स आणि लॅम्ब यांच्यासारखे त्या क्षेत्रातले सगळ्यात मोठे दोघे होते. दोघांनाही तो नीट उलगडला नाही. तरी लिहिणारा रेनॉल्ड्स आहे, म्हणजे छापलेला बरा, असा साधारण सूर त्यांनी लावला. त्यांच्या त्या मोठेपणाला सलामच!

या ताणाची एक पुढची गोष्ट मँचेस्टरमध्येच घडली, रेनॉल्ड्स गेल्यानंतर ४० वर्षांनी. जेट विमानं आली आणि त्यांचा कानठळ्या बसवणारा आवाज आला. मँचेस्टर विद्यापीठातले तरुण गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये दाखवलं, की हा आवाज फक्त यंत्राच्या खडखडाटाचा नाही. झोतातल्या भोवऱ्यांची चुळबुळ, म्हणजे बदलता रेनॉल्ड्स ताण, हीच आवाज जन्माला घालते. आणि आवाजाची ताकद झोताच्या वेगाच्या आठव्या घातानं वाढते. वेग निम्मा करा, ताकद २५६ पट कमी. आजच्या प्रवासी विमानाच्या इंजिनाचं तोंड एवढं अवाढव्य असतं, त्याचं एक कारण हेच. जास्त हवा, पण हळू फेकायची. त्यात इंधन वाचतं आणि विमानतळाजवळ राहणाऱ्यांचे कानही.

रेनॉल्ड्स यांची शेवटची वर्षं वाचताना मात्र वाईट वाटतं. त्यांनी दुसरं लग्न १८८१ मध्ये केलं होतं, ॲनी शार्लट विल्किन्सन यांच्याशी, आणि त्यांना तीन मुलं, एक मुलगी झाली. मानसन्मान मिळाले होते. पण ओल्या वाळूच्या त्या प्रयोगानं त्यांना अशी भुरळ घातली, की सगळं विश्वच दाटीनं बसलेल्या अतिसूक्ष्म कणांचं बनलंय, असं ते मानू लागले. १९०३ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक आलं. ते कुणाला समजलं नाही आणि पुढे कुणी त्या वाटेनं गेलंही नाही. इतरांनी काय लिहिलंय ते न बघता एकट्यानं विचार करायची जुनी सवय इथे आडवी आली, असं मला वाटतं. जॉन कॉलियर या चित्रकारानं १९०४ मध्ये काढलेल्या त्यांच्या चित्रात हातात रंगाची नळी नाही. स्टीलच्या गोळ्यांचं भांडं आहे.

तब्येत ढासळली, बुद्धीही साथ देईना. १९०५ मध्ये ते निवृत्त झाले आणि सॉमरसेटमध्ये समुद्रकाठच्या वॉचेट गावी राहायला गेले. १९०८ मध्ये रोमला गणितज्ञांच्या परिषदेत सॉमरफेल्ड या जर्मन शास्त्रज्ञानं त्या बिनएककाच्या आकड्याला पहिल्यांदा रेनॉल्ड्सचं नाव दिलं. २१ फेब्रुवारी १९१२ रोजी रेनॉल्ड्स गेले.

त्यांच्या प्रयोगातला एक धागा मात्र सुटलेला नव्हता. रेघ फुटण्याचा आकडा नेमका किती? पाणी आधीच ढवळलेलं असेल तर खळबळ साधारण २००० च्या खाली टिकत नाही, असं त्यांना दिसलं होतं. पाणी अगदी शांत ठेवलं तर मात्र रेघ जवळपास १३,००० पर्यंत सरळ राहायची. पुढे एकमन या स्वीडिश शास्त्रज्ञानं रेनॉल्ड्स यांचीच टाकी वापरून, आणखी काळजी घेऊन, ४०,००० च्या पुढे मजल मारली. म्हणजे वरची मर्यादा पाण्याला किती धक्का लागतो त्यावर ठरते. खालची मर्यादा नक्की करायला २०११ साल उजाडलं. तेव्हा शास्त्रज्ञांच्या एका गटानं सायन्स या नियतकालिकात आकडा दिला, सुमारे २०४०.

टाकी अजून मँचेस्टर विद्यापीठात आहे. शंभरेक वर्षांनी तिथल्या संशोधकांनी तिच्यात पुन्हा रंगाची रेघ सोडून फोटो काढले, तेव्हा १३,००० चा आकडा काही गाठता आला नाही. रेघ त्याआधीच फुटत होती. रेनॉल्ड्स यांच्या काळात बाहेरच्या रस्त्यावर घोडागाड्या होत्या. आता ट्रॅफिक आहे, आणि त्याची थरथर जमिनीतून टाकीतल्या पाण्यापर्यंत पोहोचते.